पंधराचा फ्यूज

दुडमनं आधी बॅटरीची वायर सोडली,
निगेटिव्ह आधी. हात पुसले. मग चहा सांगितला.
अक्कलकोट रोडवर सकाळी साडेनऊला
टपाला हात लावायची सोय नव्हती,
आणि मला घाई. डब्यात लाळ्या-खुरकुताच्या
तीनशे मात्रा, बर्फाचं पाणी होत चाललेलं,
पुढं बोरामणीत दावणीला बांधून ठेवलेली जनावरं.

"दोन पॉइंट," मी म्हणाले. "पुढं एक, मोबाईलला.
मागं एक, लसीच्या फ्रिजला."
"मागचा चावी काढल्यावर जिता ठेवायचा का मारायचा?"
असं मला रोज विचारतात,
पण म्हशीबद्दल, आणि दबक्या आवाजात.
"जिता."
"मग बॅटरी खाईल की ओ. दोन राती उभी केली
तर धक्का मारायला माणसं शोधा."
म्हणाले, शोधीन.

पूर्व भागात बावीस वर्षं जॉबर होता नरसय्या दुडम.
मालकानं माग किलोवर विकले
त्या दिवशी पान्यांची पेटी तेवढी घरी आणली.
आता माझ्या जुन्या फोर बाय फोरच्या पोटात
डोकं घालून लाल तार ओढत होता,
भोकात रबरी बूच बसवून, पत्र्यानं सोलू नये म्हणून,
मग गालिच्याखालून, सीटखालून, मागं.
वाटेत सापडलं ते बोनेटवर मांडत गेला:
शेंगांची टरफलं, दोनाचं नाणं,
कानातला एक पिवळा बिल्ला.
नंबर वाचला मी. ती गाय मेलेली.

"पीळ द्या आणि टेप मारा, उशीर होतोय," म्हणाले
तर पहिल्यांदाच वर बघितलं त्यानं.
"सुताला गाठ चालते म्याडम.
चालत्या मागावर तीन बोटांत मारायचो,
टॉवेल धुऊन धुऊन विरला तरी गाठ घावायची नाही.
तारेला गाठ नाही मारायची. तार गाठीत तापते."
लग दाबला. ओढून बघितला, जोरात,
दावं ओढून बघावं तसा.
चासीचा रंग खरवडून पांढरा पत्रा काढला,
काळी तार तिथं आवळली.
"अर्थ नसंल तर कशालाच अर्थ नाही,"
हे तो हजारदा बोललेला असणार, हसलासुद्धा नाही.

शेवटी बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज.
"पंधराचा. कुणी कितीबी सांगू दे, तिसाचा घालायचा नाही.
फ्यूज जाऊ दे. तार नको जायला."
साडेआठशे रुपये. नाण्यासकट परत केलं सगळं,
बिल्लासुद्धा.

मार्गशीर्षात, मुस्तीच्या पलीकडं,
पाटाचं पाणी फुटून काळी माती चिखल झालेली.
चारी चाकं जोडून, लो गिअरला रडत रडत पोचले.
पहिलटकरीण कालवड, अडलेली.
मागच्या सॉकेटला दिवा लावला, फ्रिजच्या जोडीला,
आणि कोपरापर्यंत हात आत असताना
मालकाच्या पोरानं, चांगल्या मनानं,
त्याच पट्टीला हवा भरायचा पंप जोडला.
अंधार. फ्रिजची घरघर थांबली.
पोराला मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.
ते सगळं दुडमलाही बोलले असते,
पण त्याचं तर काम बरोबर झालं होतं. जायचं ते गेलं होतं.

दातांत टॉर्च धरून बोनेटखाली वाकले.
फ्यूजच्या डबीमागं, बोटाला लागलं काहीतरी:
दुसरा एक, पंधराचाच, निळ्या सुतानं बांधलेला,
टॉवेलच्या काठाचं असतं तसलं सूत.
गाठ तिळाएवढी. चिकट बोटांनी सुटेना.
ओढून फ्यूज खालून काढून घेतला,
फास रिकामा लोंबू दिला. अजून आहे.

दिवा लागला. फ्रिजवर आकडा: चार.
पोरगं लांब, गोठ्याच्या मेढीला टेकून, रडवेलं.
"इकडं ये," म्हणाले, "शेपूट धर."
मागचे पाय आधी आले होते.
अजून तासभर तरी होता.